रद्दीत घातलेलं रजिस्टर

ही गोष्ट सन दोन हजार अठराची. तेव्हा माझं वय अठ्ठावन्न, तेही दाखल्यावरचं. खरं वय आईला ठाऊक होतं आणि ती एवढंच सांगायची, "तू झालास तवा हिरीचं काम चाललं होतं." मास्तरांनी जन्मतारीख एक जून टाकली. आमच्या वेळच्या निम्म्या कोल्हापूरचा वाढदिवस एक जूनला येतो.

मासिकाच्या या अंकासाठी मला निरोप आला की मामा, शाळेतला कचरा तुम्ही कसा कमी केला ते लिहा, पोरांना स्फूर्ती मिळेल. स्फूर्तीचं मला काही सांगता येत नाही. पण त्या कामात एक गोष्ट माझ्या हातून झाली. ती सोडून बाकीचं लिहायचं तर मला लिहायचंच नाही, असं मी कळवलं. लिहा म्हणाले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन नातीनं तपासलंय. मजकुराला तिला हात लावू दिलेला नाही.

मी शाळेतला शिपाई. शाळेचं नाव घालत नाही, कारण चूक शाळेची नव्हती. पोरं मला दत्तूमामा म्हणायची. बाहेरच्या माणसाला वाटतं शिपाई म्हणजे घंटा. घंटेला सगळ्या दिवसात दहा मिनिटं लागतात. बाकी दिवस झाडू, पाणी आणि कचरा. कचऱ्यावरून मी वर्ग ओळखायचो. पेन्सिलीची सालपटं असली की तिसरी-चौथी. चमकीच्या कागदाचे तुकडे म्हणजे कार्यानुभवाचा तास झालेला पाचवीचा वर्ग. रिकाम्या रिफिली आणि चुरगळलेल्या चिठ्ठ्या म्हणजे दहावी, आणि चिठ्ठ्या मी कधी उघडून वाचल्या नाहीत. कुरकुरीत खाऊच्या पुड्या मात्र पहिलीपासून दहावीपर्यंत सगळीकडं, बाकाच्या फटीत घडी करून खुपसलेल्या.

हे सगळं जायचं कुठं? शाळेच्या मागं एक खड्डा होता, मीच खणलेला, कंबरभर खोल. संध्याकाळी साडेपाचला मी त्यात सगळं ओतायचो आणि काडी लावायचो. मैदान असं ठेवायचो की भाकरी टाकून खावी. तपासणीला आलेला साहेब म्हणायचा, "शाळा स्वच्छ आहे." माझी छाती फुगायची. धूर कुठं जातो हे कुणी विचारत नव्हतं.

विचारलं ते माने बाईंनी. विज्ञान शिकवायला नव्या आल्या होत्या, मुरगूडच्या. अंगानं बारीक, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडं जाणारा. चौथ्याच दिवशी खड्ड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, सातवीचा जादा तास चाललाय. सगळा धूर वर्गात येतोय. प्लास्टिक आहे त्यात."

"बाई, तुमी जन्माला यायच्या आधीपासनं मी हा खड्डा पेटवतोय."

"मग दमला असाल. आता विझवा."

मी विझवला नाही. त्या गेल्यावर आणखी एक बुट्टी ओतली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाईंनी मला न विचारता, प्रार्थनेच्या वेळी, एका दिवसाचा सगळा कचरा ताडपत्रीवर मैदानाच्या मधोमध ओतला. मी पहाटे झाडलेलं मैदान! मी तिथंच ओरडलो, "हेडसर, हे काय चाललंय?" हेडसर हसले आणि बाजूला झाले. पोरं काठ्या घेऊन कचरा निवडायला बसली. त्यातनं चालू पेनं निघाली, एक कंपास पेटी निघाली, खिचडीची ताटली निघाली. आणि वह्या. बाईंनी एक वही उचलून माझ्या हातात दिली. "मामा, कोरी पानं मोजा."

निम्म्याहून जास्त कोरी होती. मी चौथीतनं शाळा सोडली तेव्हा माझ्याकडं एक वही होती. तिच्या दोन्ही पुठ्ठ्यांच्या आतल्या बाजूलासुद्धा मी गणितं केली होती. आणि मी माझ्या हातानं रोज कोऱ्या वह्या जाळत होतो. बाई पुढं काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी हट्टानं खड्डा चालू ठेवला असता, हेही खरं.

त्या आठवड्यात मी खड्डा मातीनं बुजवला.

मग मात्र मी काम असं धरलं की बाईंनाही थांबवता येईना. वर्गाबाहेर पोती टांगली. एक कागदाचं, एक पुठ्ठ्याचं, एक प्लास्टिकचं. खिचडीचं उरलेलं वेगळ्या डब्यात, त्याचं खत करून बागेला. रद्दीचं एक शास्त्र असतं. पांढरा कागद वेगळा, रंगीत वेगळा. टाचण्या काढायच्या, नाहीतर कारखान्यातल्या यंत्राचा दात मोडतो. ओला कागद घालून वजन वाढवणारे लोक असतात; मी एकदाही घातला नाही. शाळेत पुड्या आणायच्या बंद झाल्या ते बाईंच्या भाषणानं नव्हे. ज्याची पुडी त्यानं धुऊन, वाळवून माझ्याकडं आणून द्यायची, असा मी नियम काढला. आठ दिवसांत पोरं भाकरीचे डबे आणू लागली.

एक पालक आले होते बुलेटवरनं. गेटातच गाडी लावली आणि ओरडले, "कोण तो मामा? माझ्या पोराला कचरा निवडाय लावतोय?"

"मीच की. या, बसा."

"बसाय आलो न्हाय. आमच्या घरात पोरगं पाण्याचा तांब्या उचलत न्हाय, आनि हितं कचरा उचलतंय व्हय?"

"पावणं, कचरा त्याचाच हाय. त्याच्या दप्तरातनं पडलाय. मी फकस्त दोघांची वळख करून दिली."

ते रागानं गेले. पुढच्या महिन्यात घरची वर्तमानपत्रं पोत्यात भरून त्याच बुलेटवरनं आणून टाकली. "उतरून घे, मामा," एवढंच म्हणाले. कोल्हापूरचा माणूस माफी अशीच मागतो.

सगळ्यांत अभिमान मला वह्यांचा. वार्षिक परीक्षा झाली की जुन्या वह्यांतली कोरी पानं मी काढायचो, कडा सारख्या करायचो आणि दाभणानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचो. वरती जुना पुठ्ठा. जूनमध्ये ज्याला वही नाही त्याला ही वही. पोरं म्हणायची, "दत्तूमामाची वही." दुसऱ्या शाळांतले शिक्षक बघायला यायचे. चौथी शिकलेल्या माणसाच्या हातची वही दहावीतला पोरगा वापरतो, ह्याची नशा दारूपेक्षा कमी नसते.

बाईंनी मला एकच नियम घालून दिला होता. "मामा, कोरं तुमचं. पण लिहिलेला जुना कागद मला दाखवल्याशिवाय पोत्यात घालायचा नाही." चार वर्षं मी तो पाळला.

आता त्या दोन हजार अठराच्या वर्षाचं सांगतो.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी ऑफिसात चहा चालला होता. मी सहज म्हणालो, "अडगळीची खोली सुट्टीत रिकामी करतो. वाळवी लागलीय." आमचे क्लार्क, सुतार म्हणून होते, ते हसत म्हणाले, "मामा, तुमी रद्दी वजन करा. रेकॉर्ड बघायला लिहितावाचता यावं लागतं." मस्करीच केली. सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मी घरी घेऊन गेलो.

मे महिना. शाळा बंद. बाई मुरगूडला माहेरी. मी एकटा त्या खोलीत शिरलो. मोडकी बाकं, फाटके नकाशे, आणि लाकडी फळीवर चार जाडजूड बाडं. कापडी पाठ, कडा वाळवीनं खाल्लेल्या. उघडून बघितलं तर आत मोडी. मला बाळबोध वाचता येतं, बोट ठेवून. मोडी म्हणजे मुंग्यांची रांग. आणि प्रत्येक बाडाच्या शेवटी कोरी पानं. काय कागद होता! जाड, पिवळसर, लाल रेघ आखलेला. असा कागद आता बघायला मिळत नाही. हात फिरवला तर कापडासारखा.

फोन खिशात होता. बाईंचा नंबर त्यात होता. मी लावला नाही. मनात म्हणालो, ही मोडी आता शाळेत कुणाला येते? सुतारांना येते? मग त्यांचं लिहिणंवाचणं आणि माझं, ह्यात फरक काय? मी ठरवलं, मला कळतं.

कोरी पानं मी ब्लेडनं कापून घेतली. कापडी पाठी वह्यांना लावल्या. लिहिलेली पानं पांढऱ्या कागदाच्या पोत्यात गेली. रद्दीवाल्याचा टेम्पो आला आणि गेला. त्या वर्षीच्या वह्या मी आजवर शिवलेल्यांत सगळ्यांत देखण्या झाल्या.

शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. पेठ वडगावची एक बाई ऑफिसात आली, सुनंदाताई. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. तिच्या मुलीचं, प्रणालीचं, बारावी झालेलं. जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं तिला. मार्क चांगले होते. जातीच्या दाखल्याला जुना पुरावा हवा होता आणि तो तिच्या पणज्याच्या नावावर आमच्या शाळेत होता. तो पणजा लहानपणी मामाकडं कोल्हापुरात राहून आमच्याकडं शिकला होता. फेब्रुवारीत ती मोडी वाचणारा एक म्हातारा बरोबर घेऊन आली होती. नाव सापडलं होतं. पान नंबर तिनं चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. सुतारांनी मोबाईलवर फोटो काढू दिला नव्हता. "हेडसरांच्या सहीचा उतारा मिळेल, परीक्षा झाल्यावर या," म्हणाले होते. आणि रजिस्टर लोखंडी कपाटात ठेवायचं सोडून अडगळीच्या फळीवर टाकलं होतं. ह्या शेवटच्या वाक्याचा आधार मी पुढं पुष्कळ दिवस घेतला. आता घेत नाही.

सुतार धावत माझ्याकडं आले. "मामा, मोडीचं रजिस्टर कुठं हाय? फळीवरचं?"

"मला काय ठावं?" माझ्या तोंडातनं पटकन गेलं. विचार करायच्या आधी गेलं.

"तुमीच खोली साफ केलीसा की!"

"वाळवीनं खाल्लेलं तेवढं काढलं. रजिस्टर मी बघितलं न्हाई."

सुनंदाताई व्हरांड्यात उभी होती. तेवढ्यात सहावीची पोरं मैदानाकडं निघाली आणि एक मुलगी तिच्यासमोरनं वही छातीशी धरून गेली. पिवळसर कागद, कापडी पाठ. सुनंदाताईनं ती वही बघितली, तिला काही कळायचं कारण नव्हतं. मला कळलं. रजिस्टर म्हणजे काय होतं, हे मला त्या क्षणापर्यंत पुरतं कळलं नव्हतं. त्यात माणसं होती. बाप कोण, गाव कोणतं, कुठल्या साली शाळेत आला. माझ्या एक जूनसारख्या खोट्या तारखासुद्धा त्यातल्याच.

हेडसरांनी सगळी कपाटं उघडायला लावली. शेवटी सुतार म्हणाले, "एखाद्या वेळी चुकून रद्दीत गेलं असंल." माझ्याकडं बघून नव्हे, जमिनीकडं बघून म्हणाले. चूक आपली निघणार म्हणून ते घाबरले होते. आणि मी त्यांना घाबरू दिलं.

सुनंदाताई म्हणाली, "रद्दी कुठं गेली? मी जाते. मला दाखवा कुनीतरी."

"मी येतो," मी म्हणालो.

आधी रद्दीवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "मामा, तुमचा माल पडून राहतोय व्हय? थेट कारखान्यात गेला." तिथनं आम्ही रिक्षानं एमआयडीसीत, पुठ्ठ्याच्या कारखान्यात. चार वर्षं मी पोरांना सांगत होतो, तुमचा कागद कारखान्यात जातो आणि त्याचा नवा कागद होतो. कारखाना मी स्वतः पहिल्यांदा बघत होतो. आवारात कागदाच्या गठ्ठ्यांचे डोंगर. सुनंदाताई पदर खोचून सरळ गठ्ठ्यांवर चढली. मी दुसऱ्या बाजूनं. दुपार गेली. तिथल्या मिस्त्रीला दया आली असावी. त्यानं खाली बोलावलं.

"कवाचा माल?"

"मे महिन्यातला," मी म्हणालो.

"मग ताई, उतरा. त्यो कवाच गेला." त्यानं आम्हाला आतला हौद दाखवला. घरात पिठलं ढवळावं तसा करडा लगदा गरगरत होता. "ह्या शाळेचा माल एक नंबर बगा. टाचनी न्हाई, वला कागद न्हाई. असा माल कुनी देत न्हाई."

माझ्या कामाचं असं कौतुक त्या आधी कुणी केलं नव्हतं. सुनंदाताई हौदाच्या कठड्याला धरून उभी होती. रडली नाही. बराच वेळ त्या लगद्याकडं बघत राहिली, जणू नाव वर येईल.

बाहेर झाडाखाली बसलो. तिनं पिशवीतनं फडकं काढलं. भाकरी, मिरचीचा खर्डा, दही. अर्धी भाकरी माझ्यापुढं केली.

"नको, ताई."

"खावा की. सकाळधरनं माझ्यासंगं फिरताय. त्या क्लार्कनं नुसती मान हलिवली. तुमी शिपाई असून आलासा. अशी मानसं ऱ्हायली न्हाईत, मामा."

मी ती भाकरी खाल्ली. एकेक घास चावून खाल्ला. तोंड उघडून सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. सांगितलं नाही. तिला वडगावच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीतनं ती म्हणाली, "कायतरी घावलं तर निरोप द्या बरं का. पोरगी वाट बघतीया."

शाळेत परत आलो तर हेडसरांनी पत्र तयार केलं होतं, की रजिस्टर वाळवीनं नष्ट झालं. सुतारांची सही झाली होती. साक्षीदार म्हणून माझी हवी होती. मी म्हणालो, "उद्या करतो." हेडसर म्हणाले, "उद्या कशाला? दोन वर्षं राहिली तुमची. सगळ्यांचं भलं होईल असं करू." मी पेन खाली ठेवलं आणि घंटा द्यायला गेलो.

प्रणालीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे कुणी चांगल्या बातमीची वाट बघायला नको. तिची त्या वर्षीची जागा गेली. भावकीतल्या दुसऱ्याच कुणाचा तरी पुरावा पुढं दोन वर्षांनी सापडला, पण तोवर घरात दुसऱ्या अडचणी उभ्या राहिल्या होत्या. ती आता गावातल्या दूध संकलन केंद्रात दुधाची फॅट तपासते. चांगली तपासते, असं ऐकलंय. लोक म्हणतात, मामा, एवढ्या शाळांनी तुमचं बघून कचरा वेगळा करायला सुरुवात केली, केवढा कागद वाचला. वाचला. तो मी नाकारत नाही, आणि पोती टांगायची पद्धत कुणी बंद करावी असंही मला वाटत नाही. पण त्या सगळ्या कागदाचं वजन एका बाजूला आणि ती चार बाडं दुसऱ्या बाजूला घातली, तर माझ्या मनातला काटा कुठं झुकतो ते मला ठाऊक आहे. लिहिलेला कागद कचरा आहे की नाही, हे तो वाचता येणाऱ्यानं ठरवायचं. मला वाचता येत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. तेवढीच गोष्ट आहे.

माने बाईंना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. त्या विज्ञानाच्या खोलीत वह्या तपासत बसल्या होत्या. ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं.

"मामा, फोन का नाही केलात?"

"सुतार हसलं हुतं म्हनून."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मी काय सांगणार तुम्हाला? मला नका सांगू हे. जिचं गेलं तिला सांगा."

"हेडसर म्हनत्यात वाळवी."

"वाळवी बोलत नाही म्हणून तिच्यावर घालतात," बाई म्हणाल्या आणि पुढची वही ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घंटा दुसऱ्या शिपायाकडं दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या एसटीनं पेठ वडगावला गेलो. बाजारात विचारत विचारत घर काढलं. दारात म्हैस बांधलेली, अंगणात शेणाचा ताजा सडा. कडी वाजवली. एका मुलीनं दार उघडलं. केस ओले, हातात दुधाची कासंडी. अंगावर शिपायाचा गणवेश होताच; शाळेचा मामा निरोप देईल असं आईनं सांगितलं असावं, कारण तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"मामा, घावलं व्हय?"

"न्हाई, बाळ," मी म्हणालो. "घावनार न्हाई. मीच घातलंय ते रद्दीत. आईला बोलीव."